अनवाणी टूर

त्या गावातल्या सर्वांत देखण्या घराच्या व्हरांड्यात, पांढऱ्या उंच खांबांच्या खाली, बुटांचे तीस-बत्तीस जोड ओळीनं लावून ठेवलेले मी पाहिले आहेत. पुरुषांचे तपकिरी, पॉलिश केलेले. बायकांचे टाचांचे. कुणाचे तरी काउबॉय छापाचे, गुडघ्यापर्यंतचे. आणि ओळीच्या टोकाला मावशींचे पांढरे स्पोर्ट्‌स शूज. त्यांच्या नाड्या मावशींनी कधीच सोडल्या नाहीत. पाय नुसते उपसून काढायच्या.

नॉर्थ कॅरोलायनातल्या त्या लहान गावात जुनी घरं दाखवणारे गाइड पुष्कळ होते. दर वसंतात टूर असायची, लांबून लोक यायचे. पण ज्या गाइडच्या मागून लोक मोज्यांवर किंवा अनवाणी चालत, अशा एकट्या मावशीच होत्या.

इंग्रजीत त्या कारण असं सांगत, की जमीन दीडशे वर्षांच्या पाइन लाकडाची आहे, टाचांनी तिच्यात खळगे पडतात. ते खरंही होतं. मला मात्र त्यांनी पहिल्याच आठवड्यात मराठीत सांगितलं होतं, "दुसऱ्याच्या घरात कोणी चपला घालून शिरते का? मालक मेला म्हणून काय झालं?"

मी त्यांच्याकडे २००३ मध्ये राहायला गेले. जवळच्या विद्यापीठात सिव्हिल इंजिनियरिंगमध्ये एम.एस. करायला आले होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे कुठे कुणाला काय विचारायचं असतं हेही मला कळत नसे. विद्यापीठाच्या नोटीस बोर्डावर एक कागद लावलेला होता: 'वरची खोली भाड्यानं. विद्यार्थिनीलाच. दार सावकाश लावणारी हवी.' अक्षर असं होतं की छापलेलं वाटावं. मी दार सावकाश लावत असे. दोन वर्षं राहिले.

मावशी नागपूरच्या. बांधकाम खात्यात तीस वर्षं ट्रेसर होत्या. हे काम आता उरलेलं नाही. इंजिनियर पेन्सिलीनं नकाशा काढून देई, आणि ट्रेसर तो पारदर्शक कागदाखाली ठेवून शाईनं उतरवून काढी. पूल, तहसील कचेऱ्या, शाळा, मावशींच्या हातून शेकडो इमारती उतरल्या. नकाशाच्या कोपऱ्यात एक चौकट असते. डिझाइन कुणाचं, तपासलं कुणी, मंजूर कुणी केलं. त्यात 'ट्रेस्ड बाय' अशीही एक ओळ असते. त्यांच्या कचेरीत ती ओळ रिकामी सोडायची पद्धत होती.

"मी एकदा साहेबाला विचारलं," मावशी सांगायच्या. "म्हटलं, माझं नाव का नाही टाकत? तर म्हणे, बाई, जागा कमी आहे. त्याच चौकटीत त्याची सही पाहा, रेल्वेगाडीसारखी लांब!"

नवरा गेल्यावर त्या मुलाकडे आल्या. मुलगा मॉरिसव्हिलला कंपनीत होता. पुढे त्याची बदली पार पश्चिम किनाऱ्यावर, बेलव्ह्यूला झाली. तोवर मावशींनी दीड तासावरच्या या गावात टूर पाहिली होती, आणि त्यांनी पश्चिमेकडे जायला साफ नकार दिला. मुलगा फोनवर म्हणायचा, "आई, तिथे तुझं कोण आहे?" मावशी म्हणायच्या, "खिडक्या आहेत."

खिडक्या खरंच होत्या. जुन्या काचेतून बाहेरचं झाड पाण्यात पडल्यासारखं हलतं, हे मला त्यांनीच दाखवलं. तावदानाच्या चौकटीत दोरीला लोखंडी वजन टांगलेलं असतं, म्हणून खिडकी एका बोटानं वर सरकते. व्हरांड्याचं छत फिकं निळं रंगवतात, म्हणजे गांधीलमाश्या आकाश समजून घर करत नाहीत. निदान गावातले लोक तसं सांगत. स्वयंपाकघर मागच्या अंगणात वेगळं, कारण आग आणि उकाडा दोन्ही मोठ्या घरापासून लांब ठेवायचे. बाकीचे गाइड कुठला सेनापती कुठल्या पलंगावर झोपला ते सांगत. मावशी पलंग कशानं जोडलाय ते सांगत. लोकांना खाली वाकवून दाखवत.

गाइडनं जुन्या काळचा पोशाख घालावा असा टूर भरवणाऱ्या समितीचा नियम होता. इतर बायका घेरदार झगे घालत. मावशी सुती साडी नेसून, वर मुलाच्या कंपनीचं जॅकेट चढवून आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात भिंग अडकवून हजर झाल्या. समितीच्या अध्यक्षांनी फार सौम्यपणे विचारलं, की हा पोशाख त्या काळचा आहे का? मावशी म्हणाल्या, "साडी तुमच्या झग्याहून जुनी आहे. जॅकेट थंडीचं आहे." अध्यक्षा सत्तरीच्या, पांढरे हातमोजे घालणाऱ्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. त्या हसल्या आणि साडी मंजूर झाली.

एखादी वस्तू आवडली की मावशींचा एकच प्रश्न असे: "ट्रेस कुणी केलं?" म्हणजे नाव कुणाचंही असो, हात कुणाचा? दुकानात केक घेतला तरी काउंटरवरच्या मुलीला विचारायच्या, आणि ती गोंधळून आतून एखाद्या घामेजलेल्या माणसाला बोलावून आणायची. मावशी त्याला नमस्कार करायच्या.

मॉरिसव्हिलच्या दिवाळीला त्या मला दरवर्षी घेऊन जात. तिथे पुण्या-मुंबईची मंडळी, मोठी नवी घरं. मावशी कुठल्याही खुर्चीवर बसण्याआधी ती उलटी करून पाहत. एकदा त्यांनी यजमानांची नवी कोरी डायनिंगची खुर्ची सगळ्यांसमोर पालथी केली आणि ओरडल्या, "स्क्रू! बाप्पा, नुसते स्क्रू!"

"मावशी, असेंबल करायलाच माझा अख्खा वीकेंड गेला यार," यजमान म्हणाले.

"म्हणजे हात तुझा आहे? मग ठीक आहे, बसते."

त्याच संध्याकाळी एका काकूंनी मला विचारलं, "तुझे बाबा काय करतात गं?"

मी म्हटलं, "कन्स्ट्रक्शनमध्ये आहेत."

"अरे वा, बिल्डर का?"

मी हसले. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. माझे आई-आबा कराडजवळ वीटभट्टीवर विटा थापतात. दिवाळीनंतर तिथे जायचं, पावसाच्या तोंडाशी परत यायचं. मीही दहावीपर्यंत त्यांच्याबरोबर जात असे. हे मी अमेरिकेत कुणालाच सांगितलं नव्हतं. लाज वाटत होती असंही नाही. पण मग पुढचे प्रश्न येतात, आणि माझ्याजवळ इंग्रजीत त्यांची उत्तरं नव्हती. मराठीत तर त्याहून नव्हती.

गाडीत मावशींनी पट्टा लावला. मग एवढंच म्हणाल्या, "तू पण जागा कमी आहे म्हणतेस का, पोरी?"

त्यांना कसं कळलं होतं मला माहीत नाही.

मुख्य गोष्ट त्यानंतरच्या वसंतातली आहे. त्या देखण्या घराच्या टूरसाठी समितीनं छापलेली संहिता होती. तिच्यात एक वाक्य होतं, की मूळ मालकानं मागच्या तळ्याच्या लाल मातीतून, आपल्या हातांनी विटा पाडून हे घर उभारलं. मावशी ते वाक्य म्हणत, आणि त्याला स्वतःचं एक जोडत: "विटा पाडल्या त्या इथे गुलाम म्हणून ठेवलेल्या माणसांनी."

बऱ्याच वर्षांत कुणी हरकत घेतली नव्हती. त्या वर्षी कुणीतरी तक्रार केली. समितीचं पत्र आलं. संहितेत नसलेलं वाक्य बोलता येणार नाही. विटांबद्दल पुरावा असेल तर टूरच्या आधी दाखवावा, नसेल तर संहितेप्रमाणे बोलावं. तेही मान्य नसेल तर समिती आजवरच्या सेवेबद्दल आभारी आहे.

मावशींनी पत्र तीनदा वाचलं आणि घडी घालून पोह्यांच्या डब्याखाली ठेवलं.

"काय करणार?" मी विचारलं.

"मुलाकडे जाईन. तिथे काचेच्या इमारती आहेत म्हणे, सरळ. एक काच हलत नाही."

त्या हे हसत म्हणाल्या, पण पोहे करताना मीठ दोनदा घातलं. वाक्य गाळून टूर करायची, हा पर्याय त्यांच्या मनातही आला नव्हता. ते वाक्य गेलं तर त्यांनीच स्वतःच्या हातानं ती ओळ रिकामी सोडल्यासारखं होतं. आणि टूर गेली तर त्या गावात त्यांचं काहीच उरत नव्हतं.

टूरच्या आठवडाभर आधी आम्ही मागचं स्वयंपाकघर झाडायला गेलो. घरांची देखभाल करणारे एक गृहस्थ होते, साठीच्या पुढचे, कृष्णवर्णीय, चर्चमध्ये रविवारी गाणारे. मावशींशी त्यांची चांगली गट्टी होती, कारण दोघांनाही बिजागऱ्यांवर तासभर बोलता येत असे. त्यांनी टूरसाठी मांडून ठेवलेला चरखा आणि जुनी मोठी सतरंजी उचलून बाहेर नेली. मावशींच्या नियमाप्रमाणे आम्ही दोघी अनवाणीच होतो.

मी केर काढत होते आणि माझा पाय थांबला.

मला हे नीट सांगता येईल की नाही, शंका आहे. पायाला आधी कळलं. जमीन विटांची होती, कडेवर उभ्या बसवलेल्या. एका विटेच्या वरच्या कडेवर चार लहान खळगे होते, शेजारी शेजारी. पुढच्या विटेवर दोन. मी खाली बसले, बोटं लावून पाहिली. माझी बोटं मावत नव्हती.

"काय करून राहिली?" मावशींनी विचारलं.

तोंडात आलेलं वाक्य दोनदा गिळलं. मग म्हटलं, "मावशी, ही पलटणाऱ्याची बोटं आहेत."

"कोण पलटणारा?"

"विटा थापल्या की जमिनीवर आडव्या वाळत घालतात. थोड्या सुकून आवळल्या की एकेक उचलून कडेवर उभी करायची. पलटायची. ते काम मुलं करतात. वीट ओली असली तर बोटं उमटतात." मग मी म्हटलं, "मी करायचे. आठ वर्षांची होते तेव्हापासून."

मावशी माझ्याकडे पाहत राहिल्या. मला वाटलं, त्या डोक्यावरून हात वगैरे फिरवतील. त्यांनी पिशवीतून घडीची पट्टी काढली आणि माझ्या हातात भिंग दिलं. म्हणाल्या, "मोज."

दुपारपर्यंत आम्ही बोटं उमटलेल्या बारा विटा शोधल्या. देखभाल करणारे गृहस्थ दारात उभे होते. मावशींनी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "माझ्या आजीची आई मागच्या तळ्यावर चिखल तुडवायची, असं आजी सांगे. वीस वर्षं मी ही सतरंजी झटकतोय." मग त्यांनी बूट काढले आणि आत आले.

त्या रात्री, म्हणजे आबांच्या सकाळी, मी भट्टीच्या मालकाच्या मोबाइलवर फोन लावला. मला वाटलं होतं, आबांना हे सगळं विचित्र वाटेल. त्यांनी आधी विचारलं, "अंगठा दिसतोय का?"

"दुसऱ्या बाजूला असेल. ती बाजू जमिनीत आहे."

"मंग बराबर. इटंचा गारा वला असताना पलटल्यात. पोरांची चूक न्हाई ती. मुकादमानं घाई केली असणार." मग म्हणाले, "किती जुनं म्हणलीस?"

"दीडशे वर्षं. जास्तच."

"तिथंबी मुकादम असलाच होता म्हण की." आणि मागून आईचा आवाज आला, "जेवलीस का विचारा."

पुरावा दाखवायची कल्पना आबांचीच. ते म्हणाले, नुसतं सांगून कोण ऐकतंय, करून दाखव. मावशींनी साच्याचा नकाशा काढला. खरंच काढला, तीन बाजूंनी, मापं टाकून. देखभाल करणाऱ्या काकांनी फळ्या ठोकून साचा केला. समितीला बोलावलं त्याच्या आदल्या दिवशी मी तळ्याकाठची लाल माती तुडवली. सात वर्षांनी पाय चिखलात गेले आणि मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसत होते. चार विटा आदल्या दिवशी थापल्या, चार त्या दिवशी सकाळी.

समितीचे तिघे आले. मावशींनी बूट काढायला सांगितलं. दोघांनी काढले. अध्यक्षा उंबऱ्याबाहेरच थांबल्या. "मला इथूनच नीट ऐकू येतं, डिअर," त्या म्हणाल्या.

मी काय बोलायचं ते लिहून आणलं होतं. तो कागद मी खाली ठेवला आणि गुडघ्यांवर बसले. आधी कालची वीट पलटली. तिच्यावर काहीच उमटलं नाही. मग सकाळची ओली वीट उचलली, हलक्या हातानं कडेवर उभी केली, आणि बोटं काढून घेतली. चार खळगे. शेजारच्या जमिनीतही तेच चार खळगे, फक्त लहान.

मग अध्यक्षा म्हणाल्या, "फार छान दाखवलंस. पण यातून एवढंच ठरतं, की कुणीतरी वीट पलटली. मूळ मालकांनी स्वतः विटा पाडल्या असं आपली संहिता म्हणतेच."

मावशी याच वाक्याची वाट पाहत असाव्यात. त्यांनी पट्टी उघडून त्या जुन्या खळग्यावर ठेवली, मग माझ्या बोटावर ठेवली आणि त्यांच्या त्या नागपुरी इंग्रजीत विचारलं, "मॅडम, तुमच्या मालकांची बोटं एवढी होती?"

समितीतले एक गृहस्थ खोकले. ते हसू होतं. त्या काळी या अंगणात ओल्या विटा पलटणारी मुलं कुणाची असत, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. फक्त आजवर बोटं समोर आली नव्हती.

अध्यक्षा माझ्याकडे वळल्या. "आणि तुला हे कसं ठाऊक? कॉलेजात शिकवतात का?"

मावशी माझ्याकडे पाहत नव्हत्या. त्या मुद्दाम छताकडे पाहत होत्या.

"नाही," मी म्हटलं. "माझे आई-वडील विटा थापतात. आत्ता, या वेळीही. मी लहानपणी पलटत होते. माझीही बोटं कुठल्या तरी भिंतीत असतील."

ही चार वाक्यं मी इंग्रजीत न अडखळता बोलले. त्याआधी इंग्रजीत स्वतःबद्दल मी कधीच चार वाक्यं सलग बोलले नव्हते.

मग अध्यक्षांनी दाराच्या चौकटीला धरून एक बूट काढला. मग दुसरा. हातमोजेही काढले. पातळ मोज्यांतले त्यांचे पाय फार म्हातारे होते. त्या आत आल्या आणि मी दाखवलेल्या विटेवर पाय ठेवून उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. त्या मावशींना म्हणाल्या, "तुमचं ते विटांचं वाक्य पुन्हा एकदा सांगा. लिहून घेऊ दे."

मावशींनी सांगितलं. अध्यक्षांनी स्वतःच्या हातानं लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "'आपल्या हातांनी' हे आपण काढून टाकू."

त्या वर्षीच्या टूरला मोठ्या घरापेक्षा मागच्या स्वयंपाकघरात जास्त गर्दी झाली. सतरंजी परत घातली नाही. देखभाल करणाऱ्या काकांचं अख्खं कुटुंब चर्चच्या कपड्यांत आलं होतं, आणि सगळ्यांत लांब ओळ त्यांच्याच बुटांची होती. मावशी लोकांना घेऊन आत आल्या, विटांपाशी थांबल्या, आणि वाक्य बोलायची वेळ आली तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बोल." मी बोलले. काकांच्या म्हाताऱ्या बहिणीनं मोठ्यानं "आमेन" म्हटलं आणि मग खोलीभर टाळ्या वाजल्या. मावशींनी नियम सांगितला, की जुन्या घरात टाळ्या जोरात वाजवू नयेत, चुना पडतो. कुणी ऐकलं नाही.

दिवाळीला त्याच काकूंनी मॉरिसव्हिलला माझी कुणाशी तरी ओळख करून दिली, "हिचे बाबा बिल्डर आहेत." मी म्हटलं, "काकू, बिल्डर नाहीत. विटा थापतात." पुढचे प्रश्न आले. उत्तरं होती. पलीकडे मावशी कुणाची तरी खुर्ची उलटी करून बघत होत्या.

पदवी मिळाल्यावर मी नोकरीसाठी जर्सी सिटीला गेले. निघायच्या दिवशी मावशींनी मला त्या स्वयंपाकघरात नेलं. भिंतीवर त्यांनी काढलेला नकाशा चौकट करून लावला होता. काळ्या शाईत, एकेक वीट दाखवलेली, बोटांच्या बारा विटांवर बारीक खुणा. कोपऱ्यात चौकट होती. 'विटा' यापुढे लिहिलं होतं: नावं माहीत नाहीत, बोटं इथे आहेत. 'तपासलं' यापुढे माझं नाव होतं, आणि त्याखाली आबांचं.

आणि 'ट्रेस्ड बाय' यापुढे मावशींचं संपूर्ण नाव. स्वतःचं, वडिलांचं, नवऱ्याचं, आणि शेवटी दोन्हीकडची आडनावं. अक्षर नेहमीसारखं छापील, पण मोठं. चौकट मधेच संपली होती आणि नाव तिची रेघ ओलांडून कागदाच्या कडेपर्यंत गेलं होतं.

"मावशी, जागा कमी पडली," मी म्हटलं.

"पडू दे," त्या म्हणाल्या, आणि बूट घालायला बाहेर गेल्या.